सतरा नंबरची पाळी

१

रेल्वेचं क्वार्टर आणि सासरचं घर, दोन्हीकडे बाई जन्मभर झाडलोट करते आणि दोन्हीकडे भिंतीला खिळा मारायचा तर कुणाला तरी विचारावं लागतं. रेहाना शेखला हा अनुभव दोन्हीकडचा होता. मनमाडच्या पुढे एका फाटकावर तिने सव्वीस वर्षं गेटमनचं काम केलं. तिचा नवरा जमील त्याच फाटकावर होता. ड्युटीवर असतानाच छातीत कळ येऊन तो गेला, तेव्हा त्यांची अदिबा चार वर्षांची होती. रेल्वेने त्याची नोकरी हिला दिली. त्याची जागा, त्याची शिट्टी, त्याचा हिरवा झेंडा.

झेंडा दाखवायला तिला कुणी वेगळं शिकवलं नाही. क्वार्टरच्या ओट्यावरून तिने जमीलला हजारदा पाहिलं होतं. उजव्या हातात झेंडा आणि डावा हात कमरेवर. कमरेवरच्या त्या हातावरून साहेब लोक त्याला दर वेळी बोलायचे. हा ऐकून घ्यायचा, आणि पुढच्या गाडीला पुन्हा हात कमरेवर.

गाडी जाताना शेवटच्या डब्यातला गार्ड खूण करतो. त्याला उत्तर द्यायचं असतं, सगळं ठीक आहे म्हणून. उत्तर मिळालं नाही तर तो समजतो, फाटकावर काहीतरी अघटित झालं. सव्वीस वर्षांत रेहानाने एकही खूण बिनउत्तराची जाऊ दिली नाही. तापात, पावसात, उन्हात, अदिबाच्या निकाहाच्या सकाळीसुद्धा.

निवृत्त झाली आणि दुसऱ्याच महिन्यात क्वार्टर खाली करण्याचं पत्र आलं. पत्रात चूक काहीच नव्हती. पण ते हातात धरून ती ओट्यावर बसली, आणि तिने मनाशी ठरवून टाकलं की यापुढे आपल्याला 'उठा' म्हणणारं कुणी नसेल अशाच जागी राहायचं. अदिबा पुण्याला बोलवत होती. पण जावयाचं घर म्हणजे पुन्हा खिळ्याची परवानगी आलीच. म्हणून नाशिकला, आडगावच्या पुढे, आयुष्यभराची पुंजी घालून तिने एक रो-हाउस घेतलं. नंबर सतरा.

२

कॉलनी म्हणजे एका ओळीत तीस घरं. प्रत्येक घराच्या दोन्ही बाजूंना अरुंद अंगण आणि शेजाऱ्याच्या अंगणाशी कमरेएवढी भिंत. एक नंबर पश्चिमेला, तीस पूर्वेला, त्यापुढे गोदामं आणि मग हायवे. ही सगळी जमीन आधी एकाच वस्तीची होती. जमीन गेली तशी वस्तीवाल्यांनी तिथेच घरं घेतली. एकोणतीस घरांत एकमेकांचे चुलते, मावसभाऊ, व्याही. आणि मध्येच सतरा नंबरात डोक्यावर पांढरी ओढणी घेतलेली रेहाना. सतरा नंबर तिच्याआधी तीन वर्षं रिकामं होतं. का, ते कुणी सांगितलं नाही, आणि स्वतःच्या अंगावर आल्याशिवाय चौकशी करायची रेहानाला सवय नव्हती.

तिला कुणी वाईट बोललं नाही. चांगलंही बोललं नाही. ती रस्त्याने निघाली की बायकांचं बोलणं थांबायचं आणि ती पुढे गेली की सुरू व्हायचं. नव्याचे नऊ दिवस, होईल सवय, असं ती स्वतःला समजवायची.

ईदला तिने दोन्ही शेजारी शीरखुर्मा पाठवला. सोळा नंबरात पुंजाआबा, ऐंशीच्या पुढचे, दोन्ही हातांनी वाटी घेऊन "बरं माय" एवढंच म्हणाले. अठरा नंबरातली लंकाबाई सत्तरीची, ठसठशीत कुंकवाची, आवाजाने खणखणीत. तिनेही वाटी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाट्या लख्ख घासून परत आल्या. रिकाम्या. शेजारच्याचं भांडं रिकामं परत करू नये, निदान साखरेचे चार दाणे तरी टाकावेत, हे आपल्या मुलखात लहान पोरालाही कळतं. रेहाना त्या वाट्या हातात घेऊन बराच वेळ ओट्यापाशी उभी होती. तिला रडू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती.

त्याच दिवशी दोन गोष्टी तिच्या नजरेत आल्या. पुंजाआबांच्या घराची तिच्याकडची भिंत छातीएवढी ओलसर होती, रंगाचे पोपडे सुटलेले. आणि लंकाबाईच्या अंगणात एक हिरवं पान नव्हतं. लंकाबाई सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतायची, तरी माती उकललेली आणि जास्वंदीच्या नुसत्या काटक्या. पुढे फिरायला जाताना रेहानाने मुद्दाम पाहिलं. एक ते सोळा, सगळ्या घरांना ओल. अठरा ते तीस, सगळी अंगणं कोरडी ठाक.

दोन्हींच्या मध्ये तिचं घर. ना ओल, ना भेग.

३

दुपारी साडेचारला हाक यायची.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला वाटलं भाजीवाला. लांब पश्चिमेकडून कुणीतरी ओरडलं, "आलंऽऽ". मग जरा जवळून, दुसऱ्या गळ्यातून, "आलंऽऽ". मग आणखी जवळून. बाईचा आवाज, पोराचा, म्हाताऱ्याचा. शेवटचा पुंजाआबांचा, अगदी भिंतीपलीकडून. त्यानंतर एकदम शांत.

पाण्याचा टँकर असेल म्हणून ती बादली घेऊन बाहेर आली. टँकर नव्हता. पुंजाआबा आपल्या अंगणात तिच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते, उजवा हात वर. तिच्याकडे ते बघत नव्हते. ती उभी होती तिथून हातभर बाजूला, सतरा नंबरच्या मोकळ्या अंगणाकडे, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे बघत होते. चारेक मिनिटांनी त्यांनी हात खाली घेतला आणि ते आत गेले. रेहाना घरातून पूर्वेच्या दाराशी आली, तर पलीकडच्या भिंतीशी लंकाबाई, पदर खोचून, सतरा नंबरकडेच तोंड करून उभी. तीही मुकाट्याने आत गेली.

दुसऱ्या दिवशी रेहानाने गच्चीवरून पाहिलं. हात एकामागून एक वर होत आले, एक नंबरापासून सोळापर्यंत. खालच्या बाजूला तेराही घरांतली माणसं आपापल्या अंगणात पश्चिमेकडे तोंड करून थांबली होती. म्हातारीच माणसं असती तर तिने सोडून दिलं असतं. पण बावीस नंबरची तेजस्विनी, घरूनच कंपनीचं काम करणारी, कानात फोनच्या वायरी घातलेल्या, तीसुद्धा काम सोडून येऊन उभी होती.

लंकाबाईचा मुलगा अमोल सोसायटीचं बघायचा. रेहानाने त्याला रस्त्यात गाठलं.

"काही नाही हो काकू," तो हसला. "जुनी सवय. इथं आमची शेती होती ना. कालव्याच्या चारीचं पाणी पाळीनं यायचं. वरच्याचं भिजवून झालं की तो हात करायचा, खालच्यानं 'आलं' म्हणायचं, मग तो पाणी सोडायचा. खालचा उभा नसला तर सोडायचं नाही, बांध फुटतो."

"आणि चारी कुठं गेली?"

"बुजवली की. तुमच्या हॉलखालनंच जात होती." त्याने घड्याळ पाहिलं, चार अठ्ठावीस झाले होते. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "येतो काकू," म्हणाला आणि चालता चालता तो चक्क पळायला लागला.

४

रेहाना भुताखेतांना भिणारी बाई नव्हती. रुळांवर तिने जे जे पाहिलं होतं त्यापुढे भुतं परवडली. तिने प्लंबर बोलावला. त्याने भिंती ठोकल्या, टाकी पाहिली आणि सांगितलं की या भिंतीतून एकही पाइप जात नाही. सोळा नंबरची ओल इकडे कशी येत नाही, हे मात्र त्याला सांगता आलं नाही. "चांगलंच आहे ना बाई," म्हणून तो गेला.

पुंजाआबांकडची भिंत पश्चिमेला, म्हणून नमाजला ती त्याच भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. एका दुपारी सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं आणि तिला ऐकू आलं. आवाज असा नव्हता. भरलेल्या हंड्याला कान लावला की आतून जे कळतं, तसं काहीतरी. भिंतीच्या पलीकडे पुष्कळ काहीतरी होतं, ते हलत नव्हतं, आणि ते कधीचं थांबलेलं होतं. तिने नमाज पुरा केला, कारण अर्धा सोडायचा नसतो. मग उठून भिंतीला हात लावला. भिंत कोरडी आणि उन्हाने कोमट होती.

"अम्मी, ब्लडप्रेशर तपास," अदिबा फोनवर म्हणाली. "नाहीतर सरळ इकडे ये. कशाला राहतेस त्या लोकांत एकटी?"

"लोक काही करत नाहीत ग. नुसते उभे राहतात."

"तेच तर!"

दुसऱ्या दिवशी तिने आबांना विचारायचं ठरवलं. ते ओसरीवर लसूण सोलत होते.

"आबा, तुमच्या भिंतीला ओल फार आहे."

"पानी तुंबलंय माय."

"कुठलं पाणी?"

आबांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "केरू असता तर तुंबलं नसतं. माझा धाकला भाव. तुझी जागा त्याची." मग ते पुढची पाकळी सोलायला लागले. रेहाना जायला वळली तेव्हा म्हणाले, "लय वर आलंय आता. पन आपून सांगायचं नसतं. ज्याची पाळी त्यानं आपल्या मनानं हात करायचा."

रेहानाने त्या दिवसापासून साडेचारला बाहेर पडायचंच नाही असं ठरवलं. वस्तीवाल्यांचं वस्तीवाल्यांपाशी. तिला फक्त आपल्या घरात राहायचं होतं. पण भिंतीवरचा ओलावा आता आबांच्या खांद्यापर्यंत चढला होता, आणि तिने न बघायचं ठरवूनही तिला ते रोज दिसत होतं.

५

एप्रिलचा दुसरा आठवडा. वारा सुटला आणि दोरीवरची चादर उडाली, म्हणून ती अंगणात धावली. घड्याळाकडे लक्षच गेलं नाही. चादर पकडून मान वर केली, तर समोर पुंजाआबा. त्यांचा हात वर झाला.

आणि रेहानाचाही झाला.

तिने केला नाही, तो झाला. सव्वीस वर्षांची सवय. खूण दिसली की उत्तर. चादर काखेत मारून उजवा हात ताठ वर, पंजा उघडा. वर तोंडातून मोठ्याने "आलं!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आबांचं तोंड उघडंच राहिलं. डोळे भरून आले. पण त्या डोळ्यांत नुसता आनंद नव्हता, भीतीही होती, आणि ती रेहानासाठी होती हे तिला स्वच्छ दिसलं. मग ते वाकले आणि हातात काही नसताना फावड्याने माती ओढावी तशी त्यांनी भिंतीच्या बुडाशी तीनदा ओढ घेतली.

घरातून वास आला. तापलेल्या मातीवर पाणी फिरलं की येतो तो. रेहाना आत धावली.

हॉल जसा होता तसा होता. फरशी कोरडी, पंखा चालू. पण तिच्या घोट्यांना गार लागलं. मग पिंढऱ्यांना. पश्चिमेच्या भिंतीतून काहीतरी सावकाश, जड, थांबत नाही असं येत होतं आणि तिच्या पायांना रेटून पुढे जात होतं. कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली नमाजाची चटई, तिची जानमाज, हळूच उचलली गेली आणि तरंगावी तशी खोलीच्या मध्यापर्यंत आली. रेहानाने ती छातीशी धरली. जानमाज कोरडी होती.

पूर्वेची भिंत ते पुढे जाऊ देत नव्हती. आता गारवा गुडघ्याच्या वर होता. तीन वर्षांचं पाणी, तिच्या मनात आलं. भिंतीतून चर्र असा आवाज निघाला, वरपासून खालपर्यंत.

"माय, पुढच्याला हात कर!" बाहेरून आबा ओरडत होते. "धरून नको ठेवू! तुझं घर जाईल!"

ती चालू लागली. कोरड्या फरशीवरून नदी ओलांडावी तशी एकेक पाऊल उचलून, जानमाज डोक्यावर धरून. दहा पावलांचा हॉल. जन्मभर गाड्या आल्या आणि गेल्या, तिने एकही अडवून धरली नव्हती. हेही अडवायचं नाही, एवढंच तिला समजत होतं. तिने पूर्वेचं दार लोटलं.

६

लंकाबाई भिंतीशी उभी होती. तिने रेहानाचा हात वर झालेला पाहिला आणि तिच्या तोंडून निघालेला "आलंऽऽ" असा होता की रेहानाच्या अंगावर काटा उभा राहिला. पोटऱ्यांवरचा भार ओसरायला लागला. ते पुढे निघालं.

एकोणीस. वीस. एकवीस. तेजस्विनीचा बारीक आवाज, बावीस. हात वर होत गेले, हाका लांब जात राहिल्या. रेहाना मोजत होती, कारण मोजलं की माणूस शुद्धीवर राहतो. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

एकतीस.

तिला वाटलं आपण चुकलो. पण त्यानंतर आणखी एक हाक आली, आणि आणखी एक. तीस नंबरच्या पुढे कंपाउंड होतं, गोदामाचे पत्रे होते, हायवेवरचे ट्रक होते. ते सगळं तिथेच होतं, आणि तरीही त्या सगळ्यातून एक सरळ, ओली, चकाकणारी रेघ पूर्वेला गेलेली तिला दिसली. रेघेच्या काठाने माणसं उभी होती. बंडीतली, लुगड्यातली, काही इतकी लांब की नुसते ठिपके. हात वर होत होता, हाक पुढे जात होती, आणि तिला शेवट नव्हता.

रेहाना हात जोडून उभी राहिली की हात पसरून, ते तिला नंतर आठवेना. तिला भीती वाटली, पण त्या भीतीत पळून जावंसं वाटत नव्हतं. फाटकावर उभी राहून तिने फक्त समोरचा वीस हात रूळ पाहिला होता. गाडी कुठून येते आणि कुठे जाते हे दुसऱ्यांचं काम. आज पहिल्यांदा कुणीतरी तिला पूर्ण लाइन दाखवत होतं.

अगदी लांब, दिसणं संपतं तिथे, एकाच्या हातात काहीतरी हिरवं होतं.

ट्रक गेला, धूळ उडाली. धूळ बसली तेव्हा गोदामाचे पत्रे नुसते पत्रे होते.

७

झाडाची फांदी असेल, हिरवं प्लास्टिक असेल, असं तिने स्वतःला रात्रभर सांगितलं. सकाळी फरशीवर डाग नव्हता. पूर्वेच्या भिंतीला तेवढी एक उभी चीर होती, केसाएवढी. लंकाबाईच्या जास्वंदीला मात्र कोंब फुटले होते, बोटाच्या पेराएवढे.

दहाच्या सुमाराला लंकाबाई आली. हाक न मारता, चपला दारात काढून, थेट स्वयंपाकघरात. हातात रेहानाचीच वाटी, आणि वाटीत गरम गरम गव्हाचा चीक, वर दूध-साखर.

"कुरडया घातल्या आज," ती म्हणाली. "चीक गरमच खायचा. खा रेहाना."

ती खाईपर्यंत लंकाबाई खाली मांडी घालून बसून राहिली. मग दारामागे टेकवून ठेवलेलं फावडं तिने आत आणलं. दांडा हाताने गुळगुळीत झालेला होता.

"केरूचं हाय. आता तुझं."

"लंकाबाई, मला यातलं काही येत नाही."

"काल आलं की." तिने रेहानाच्या हातावर हात ठेवला. "आता तुला हितून कोनी उठवनार नाय. कोनाची बिशाद नाय."

हेच ऐकायला रेहाना या कॉलनीत आली होती. तिने दुसऱ्या हाताने फावडं जवळ ओढलं. मग तिने हळूच विचारलं, "आणि मीच गेले तर? चार दिवस, लेकीकडे पुण्याला?"

लंकाबाईने हात काढून घेतला. उठली, पदर सारखा केला. "केरू बी चारच दिवसांसाठी गेला व्हता लेकाकडं," म्हणाली, आणि रिकामी वाटी घासायला मोरीत गेली. पुढचं रेहानाने विचारलं नाही.

दुपारी अदिबाचा फोन आला. पोरांना सुट्ट्या लागल्या, चार दिवस ये, मी गाडीत बसवायला माणूस पाठवते.

"नाही बेटा," रेहाना म्हणाली. "ड्युटी आहे."

"अम्मी, रिटायर झालीस तू!"

"तुम्हीच या." तिने घड्याळ पाहिलं. "आता ठेवते, वेळ झाली."

तिने ट्रंक उघडली. तळाशी जमीलचा पहिला झेंडा होता, विरलेला, जमा करायच्या लायकीचाही न उरलेला, म्हणून तिच्याकडेच राहिलेला. आबांची हाक आली. तिने उत्तर दिलं. फावडं ओढलं, हॉलमधून ते गार, जड, थांबत नाही असं घेऊन ती पूर्वेच्या दारात आली आणि हाताऐवजी झेंडा वर केला. लंकाबाईने एकदा त्या झेंड्याकडे पाहिलं, काही न विचारता "आलंऽऽ" म्हटलं. हाका पुढे गेल्या. वीस, पंचवीस, तीस. त्याच्याही पुढे.

रेहाना हात खाली न घेता उभी राहिली. कितीतरी वेळाने, जिथे काही दिसायला नको होतं तिथे, एक हिरवा ठिपका वर गेला आणि तिच्या झेंड्याला उत्तर मिळालं. इतक्या लांबून माणसाचा चेहरा दिसत नाही. पण त्याचा डावा हात कमरेवर होता.